न नांगरण्याचे मोल : अमेरिकेतील भूसंरक्षणार्थ देयकांचा इतिहास व परिभाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

शेतकऱ्याने जमीन कसावी, पीक काढावे आणि त्या पिकाचे मोल घ्यावे, हा व्यवहार सर्व कृषिप्रधान समाजांना परिचित आहे. परंतु जमीन न नांगरल्याबद्दल, उतारावर गवत राखल्याबद्दल, किंवा शेतातील पाणथळीला चर न खणल्याबद्दल सरकारने शेतकऱ्याच्या हाती पैसा ठेवावा, हा व्यवहार विस्तृत प्रमाणावर रूढ झाला तो विसाव्या शतकात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३३ पासून तो ह्या ना त्या रूपाने अखंड चालू आहे. त्यामागची कारणे वेळोवेळी बदलली, त्याचे कायदे बदलले, खाती बदलली. जो सरकारी हात एका दशकात चर खणण्यासाठी पैसे देत होता, तोच पुढे चर बुजवण्यासाठी पैसे देऊ लागला. म्हणून हा इतिहास केवळ शेतकी-धोरणाचा इतिहास नव्हे. भूमीवरील स्वामित्व म्हणजे काय, आणि स्वामीने आपल्या भूमीची नासाडी न करणे हे त्याचे कर्तव्य की विक्रीयोग्य सेवा, ह्या प्रश्नाचाही तो इतिहास आहे.

इंग्रजी कायद्यांत व सरकारी अहवालांत ह्या पैशाला बहुधा ‘पेमेंट’ असे एकच सर्वसमावेशक नाव असते. मराठीत मात्र निरनिराळ्या प्रसंगी दिल्या जाणाऱ्या पैशाला निरनिराळे शब्द आहेत, आणि त्यांतील भेद येथे उपयोगी पडतात. झालेल्या वा होणाऱ्या तोट्यापोटी देतात ती ‘भरपाई’. एखादे काम व्हावे म्हणून त्याच्या खर्चाचा वाटा उचलतात ते ‘अनुदान’. दुसऱ्याची जमीन मुदतीने घेतल्याबद्दल देतात तो ‘खंड’. आणि वस्तू किंवा हक्क कायमचा घेतल्याबद्दल देतात ती ‘किंमत’. अमेरिकन देयकांच्या नऊ दशकांच्या इतिहासात ही चारही रूपे आढळतात. कोणत्या काळी कोणते रूप प्रबळ होते हे पाहिले असता, भूमी कोठे टिकली व कोठे टिकली नाही ह्याचा बराचसा उलगडा होतो, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२. दलदलीचा ‘उद्धार’

देयकांचा विचार करण्यापूर्वी ज्या भूमीसाठी ती पुढे द्यावी लागली तिची एकोणिसाव्या शतकातील स्थिती लक्षात घेतली पाहिजे. १८४९ मध्ये लुइझियाना राज्यास, १८५० मध्ये इतर अनेक राज्यांस, आणि १८६० मध्ये मिनेसोटा व ऑरेगॉन ह्यांस संघराज्याच्या मालकीच्या दलदलीच्या जमिनी कायद्याने बहाल करण्यात आल्या. हेतू असा की, त्या विकून येणाऱ्या पैशातून बांध घालावे, चर खणावे व भूमी लागवडीखाली आणावी. ह्या कायद्यांन्वये एकूण सुमारे साडेसहा कोटी एकर जमीन पंधरा राज्यांकडे गेली.

ह्या कायद्यांतील शब्द आहे ‘स्वँप’. तो केवळ भौगोलिक नाही. त्यात निरुपयोगीपणा, हिवताप व कुंद हवा ह्या सर्वांची छाया आहे. अशा भूमीतून पाणी काढून टाकण्याच्या क्रियेस ‘रिक्लेमेशन’ म्हणत. ह्या शब्दाचा मूळ अर्थ गेलेली वस्तू परत मागून घेणे असा आहे. वास्तविक दलदल कोणी कोणाकडून हिरावून घेतलेली नव्हती; परंतु शेतजमीन हेच भूमीचे खरे रूप, आणि पाणी हा तेथील उपरा, ही समजूत त्या एका शब्दात साठलेली आहे. मुंबईकरांना हा शब्द ‘बॅकबे रिक्लेमेशन’ किंवा ‘वांद्रे रिक्लेमेशन’ अशा स्थलनामांतून इतका परिचित झाला आहे की, त्यातील दावा आता कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ह्या ‘उद्धारा’चा परिणाम मोठा झाला. आयोवा, इलिनॉय, इंडियाना ह्या राज्यांतील ओलसर सपाटीवर शेतकऱ्यांनी भाजक्या मातीच्या नळ्या जमिनीखाली पुरल्या व पाणी ओढ्यांत सोडले. आज जो प्रदेश मक्याचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे त्याचा मोठा भाग असा कोरडा केलेला आहे. मत्स्य व वन्यजीव सेवेने १९९० मध्ये काँग्रेसपुढे ठेवलेल्या अहवालानुसार, अलास्का व हवाई वगळता उरलेल्या ४८ राज्यांच्या प्रदेशात १७८० च्या दशकात सुमारे २२ कोटी १० लाख एकर पाणथळ भूमी होती. १९८० च्या दशकात ती सुमारे १० कोटी ४० लाख एकर उरली. आयोवाने आपल्या पाणथळींपैकी सुमारे ८९ टक्के आणि कॅलिफोर्नियाने सुमारे ९१ टक्के गमावल्या.

३. भरपाई व तिचे नामांतर : १९३३ ते १९३६

शेतकऱ्यास न पेरण्याबद्दल पैसे देण्याचा पहिला मोठा प्रयोग भूमीच्या रक्षणासाठी झाला नाही. तो भावांच्या रक्षणासाठी झाला. महामंदीत शेतमालाच्या किमती कोसळल्या तेव्हा १२ मे १९३३ रोजी शेतकी समायोजनाचा कायदा करण्यात आला. कापूस, गहू, मका, तंबाखू इत्यादी पिकांखालील क्षेत्र कमी करणाऱ्यास सरकार पैसे देई, आणि हा पैसा त्या मालावर प्रक्रिया करणाऱ्या कारखानदारांवरील करातून उभारला जाई. पहिल्या वर्षी पीक आधीच उभे असल्यामुळे सुमारे एक कोटी एकर कापूस नांगरून टाकण्यात आला. हे पैसे म्हणजे निव्वळ भरपाई होती, उत्पन्न सोडल्याबद्दलची.

ही भरपाई कोणाच्या हाती पडली हा प्रश्न दक्षिणेत तीव्र झाला. करार जमीनमालकाशी होई. वाट्याने शेती करणाऱ्या कुळास त्याचा हिस्सा मिळावा अशी अपेक्षा होती. परंतु क्षेत्र कमी झाल्यावर कुळाचीच गरज उरत नसे, आणि अनेक कुळांना खोपटी सोडून जावे लागले. १९३४ च्या जुलैत आर्कन्सॉ राज्यातील टायरोन्झा येथे गोऱ्या व काळ्या कुळांनी मिळून दक्षिणी कूळ-शेतकरी संघ स्थापन केला, तो ह्याच पार्श्वभूमीवर. जमिनीस विश्रांती देण्याचे पैसे मालकाला मिळतात, आणि त्या विश्रांतीची झळ जमीन नसलेल्याला लागते, ही विसंगती आरंभापासून ह्या व्यवहारात आहे.

ह्याच सुमारास दुसरी एक चळवळ स्वतंत्रपणे वाढत होती. ह्यू हॅमंड बेनेट ह्या मृदाशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये एका सहकाऱ्यासह शेतकी खात्यातर्फे जमिनीच्या धुपेवर एक पत्रिका प्रसिद्ध करून ही धूप राष्ट्रीय संकट असल्याचे प्रतिपादन केले होते. १९३३ मध्ये त्याच्या हाताखाली मृद्धूप सेवा सुरू झाली. मे १९३४ मध्ये पश्चिमेकडील मैदानांतून उठलेली धूळ न्यूयॉर्क व वॉशिंग्टनपर्यंत पोचली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळाने तर ओक्लाहोमा व टेक्सस ह्यांच्या उत्तर भागात भर दुपारी रात्र केली. तो दिवस पुढे ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला गेला. त्यानंतर तेरा दिवसांनी, २७ एप्रिल १९३५ रोजी, मृद्संरक्षण कायदा संमत झाला, आणि शेतकी खात्यात मृद्संरक्षण सेवा हे कायम खाते निर्माण झाले.

भाव आणि माती ह्या दोन प्रवाहांचा संगम न्यायालयाच्या एका निर्णयाने घडवून आणला. ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने, १९३३ च्या कायद्यातील कर व करार घटनाबाह्य ठरविले. न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स ह्यांनी लिहिलेल्या निकालाचा मुख्य आशय असा की, शेती-उत्पादनाचे नियमन हा राज्यांचा विषय असून, संघराज्याने पैसे देऊन ते नियमन विकत घेणे हेही त्यास वर्ज्य आहे. आठ आठवड्यांच्या आत काँग्रेसने उत्तर दिले. २९ फेब्रुवारी १९३६ च्या ‘मृद्संरक्षण व देशांतर्गत वाटप’ कायद्याने पिकांचे दोन वर्ग केले : मातीचा कस घेणारी व मातीचा कस राखणारी. पहिल्या वर्गातून जमीन काढून दुसऱ्या वर्गात, म्हणजे गवत व द्विदल चाऱ्याखाली, घालणाऱ्यास पैसे मिळू लागले. ते विशेष करातून न देता सामान्य तिजोरीतून दिले जाऊ लागले.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. कस घेणारी म्हणून गणलेली मुख्य पिके, म्हणजे कापूस, मका, गहू, तंबाखू, ही नेमकी बाजारात अतिरिक्त झालेली पिके होती. यादी जवळजवळ तीच राहिली. तिचे शीर्षक बदलले. ह्यावरून हे नामांतर केवळ कायदेशीर आवरण होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते पूर्णतः खरे नाही. एकदा पैशाचे कारण माती हे ठरल्यावर माती मोजणे, उतार पाहणे, समपातळीवर नांगरट करणे, गवताचे पट्टे राखणे ह्या कामांना सरकारी हिशेबात जागा मिळाली, आणि त्यांच्या खर्चाचा वाटा उचलणारे अनुदान त्यातून जन्मास आले. १९३७ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी राज्यपालांना मृद्संरक्षण जिल्ह्यांचा नमुना-कायदा पाठविला, आणि ४ ऑगस्ट रोजी असा पहिला जिल्हा उत्तर कॅरोलायनात, बेनेटच्या जन्मप्रांतात, स्थापन झाला. आवरण म्हणून घेतलेल्या शब्दाने पुढे स्वतःचे खाते उभे केले.

४. मृद्पेढी आणि खंडाची मुदत : १९५६ ते १९७३

दुसऱ्या महायुद्धानंतर अतिरिक्त धान्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९५६ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांच्या पुढाकाराने ‘सॉइल बँक’, म्हणजे मृद्पेढी, ह्या नावाची योजना कायद्यात आली. तिचे दोन भाग होते. एकात वर्षापुरते पीकक्षेत्र कमी करावयाचे. दुसऱ्यात, ज्याचे नाव ‘कॉन्झर्वेशन रिझर्व्ह’, जमीन दहा वर्षांपर्यंतच्या कराराने गवत वा झाडे ह्यांखाली ठेवावयाची. पहिला भाग १९५८ नंतर बंद पडला. दुसऱ्यात १९६० च्या सुमारास २ कोटी ८७ लाख एकर जमीन होती.

पेढीचे रूपक शेतकऱ्याला पटेल असे होते. पेढीत ठेव ठेवतात, ती वाढते, आणि गरजेच्या वेळी काढतात. किंबहुना ह्या रूपकाचा दोषही तेथेच होता. ठेव ही मुळात काढण्यासाठीच ठेवलेली असते. मराठी शेतकऱ्याच्या भाषेत हा व्यवहार ‘पड टाकणे’ ह्या प्रकारात मोडेल. पड टाकलेली जमीन सोडून दिलेली नसते. ती कस भरून आल्यावर पुन्हा नांगरण्यासाठीच राखलेली असते. सरकारने ठेवीदारास जे दिले तो मुदतीचा खंड होता, आणि खंडाची मुदत संपताच जमीन पूर्ण अर्थाने मालकाच्या स्वाधीन होत असे.

ह्या योजनेचा दुसरा परिणाम गावांवर झाला. संपूर्ण शेतच योजनेत घालण्यास मुभा होती. तसे करून अनेकांनी गाव सोडले किंवा निवृत्ती पत्करली. त्यामुळे बियाणे, खत, यंत्रे, इंधन विकणाऱ्या लहान गावांच्या बाजारपेठा ओस पडल्या, आणि योजनेवरचा रोष प्रामुख्याने तेथून आला. १९८५ च्या कायद्यात कोणत्याही एका काउंटीतील लागवडीच्या जमिनीपैकी सर्वसाधारणपणे पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन घेऊ नये अशी मर्यादा पडली, तिचे मूळ ह्या अनुभवात आहे.

बहुतेक करार १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत संपत आले. १९७२ मध्ये सोव्हिएत रशियाने मोठ्या प्रमाणावर अमेरिकन धान्य खरेदी केले, भाव चढले, आणि शेतकी मंत्री अर्ल बट्झ ह्यांनी कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा असे शेतकऱ्यांस आवाहन केले. सोळा-सतरा वर्षांपूर्वी पैसे देऊन उगवलेले गवत पुष्कळ ठिकाणी नांगराखाली गेले. धूप पुन्हा चिंतेचा विषय झाली, इतकी की १९७७ मध्ये माती व पाणी ह्यांच्या स्थितीची नियतकालिक पाहणी करण्याचा कायदा करावा लागला. जनतेचा पैसा खर्च झाला होता. त्यातून जनतेच्या हाती कायमचे फारसे काही उरले नव्हते.

५. पाणथळीची किंमत : १९३४ ते १९८३

मुदतीच्या खंडाचा हा इतिहास मैदानी शेतजमिनीवर घडत असताना, उत्तरेकडे पाणथळींच्या बाबतीत निराळाच प्रयोग चालू होता. आयोवा व मिनेसोटापासून दोन्ही डाकोटांमधून मोंटानापर्यंत आणि पुढे कॅनडात पसरलेल्या प्रदेशात हिमनद्यांनी मागे ठेवलेले असंख्य लहान लहान खळगे आहेत. वसंतात त्यांत पाणी साठते, आणि खंडातील बदकांपैकी निम्म्याच्या आसपास बदके तेथे वाढतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र प्रत्येक खळगा म्हणजे ट्रॅक्टरला वळसा घालावा लागणारी जागा.

बदकांच्या रक्षणाचा पैसा शिकाऱ्यांकडून आला. १६ मार्च १९३४ च्या कायद्याने पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या प्रत्येक प्रौढास एक डॉलरचे तिकीट घेणे आवश्यक झाले. पहिल्या तिकिटाचे चित्र जे. एन. डार्लिंग ह्या व्यंगचित्रकाराने काढले. तो त्या वेळी संघराज्याच्या जीवशास्त्रीय पाहणी खात्याचा प्रमुख होता. १९५८ च्या दुरुस्तीने ह्या निधीतून लहान पाणथळी, तसेच त्यांवरील मर्यादित हक्क, विकत घेण्याची मुभा मिळाली, आणि १९६१ च्या कायद्याने त्यासाठी साडेदहा कोटी डॉलरपर्यंत आगाऊ रक्कम देण्याची तरतूद केली.

ह्या मर्यादित हक्काचे कायदेशीर नाव ‘ईझमेंट’. आपल्याकडील १८८२ च्या कायद्यामुळे मराठी विधिपरिभाषेत त्यास ‘सुविधाधिकार’ हा शब्द रूढ आहे. परंतु पारंपरिक सुविधाधिकार हा एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो : माझ्या शेतात जाण्यासाठी तुझ्या बांधावरून वाट, ह्या धर्तीचा. येथे दुसरी जमीन नव्हतीच. सरकारने विकत घेतले ते शेतकऱ्याच्या हक्कांच्या मोळीतील चार काड्या : पाणथळ कोरडी करणे, जाळणे, भरणे व सपाट करणे. जमीन त्याचीच राहिली. नैसर्गिकरीत्या पाणी आटले तर तळात पीक घेण्यास, गवत कापण्यास, गुरे चारण्यास त्याला मोकळीक राहिली. मोबदला एकरकमी मिळे, आणि बंधन मात्र कायमचे, पुढील प्रत्येक मालकावर लागू होणारे. जुन्या इंग्रजी विधिपरंपरेत असा हक्क सहज बसत नसे. म्हणूनच राज्यांनी स्वीकारावा यासाठी १९८१ मध्ये त्याविषयीचा एक समान नमुना-कायदा तयार करण्यात आला.

ह्याच काळात एक विचित्र स्थिती दिसते. शेतकी खाते भूसंरक्षणाच्या निधीतूनच पाणी काढण्याच्या चरांना अनुदान देत होते, कारण ओलसर शेत सुधारणे हेही त्याच्या व्याख्येत संरक्षणच होते. आणि वन्यजीव सेवा त्याच प्रदेशात चर न खणण्याची किंमत मोजत होती. एकच सरकार एकाच खळग्यावर दोन विरुद्ध कामांसाठी पैसे देई. १९६२ च्या एका कायद्याने मिनेसोटा व दोन्ही डाकोटांपुरते हे थांबविण्याचा यत्न केला : जेथे वन्यजीवांची हानी होईल असे वन्यजीव खाते ठरवील तेथे शेतकी खात्याने चरांस मदत देऊ नये. १९७० च्या ‘वॉटर बँक’ कायद्याने तर शेतकी खात्यालाच पाणथळी राखण्यासाठी दहा वर्षांच्या कराराने वार्षिक पैसे देण्याचे काम सोपविले. पेढीचे रूपक पुन्हा आले, आणि त्याबरोबर मुदतही.

शब्दाचे स्थित्यंतरही ह्याच काळातले आहे. १९५६ मध्ये वन्यजीव सेवेने देशातील अशा भूमीची जी यादी प्रसिद्ध केली तिच्या शीर्षकात ‘वेटलँड’ हा शब्द होता, आणि तीत ह्या भूमीचे वीस प्रकार केले होते. दलदल, खळगे, कच्छ, पूरमैदानातील ओलसर वने, अशी वेगवेगळ्या नावांनी ओळखली जाणारी व बहुतांशी तिरस्कृत स्थळे एका निर्विकार, पारिभाषिक शब्दाखाली आली. जे एका नावाने मोजता येते त्याचे संरक्षणही एका कायद्याने करता येते. मराठीत ‘पाणथळ’ हा शब्द आज तेच काम करतो. मात्र तो करताना ‘खाजण’, ‘खार’, ‘दलदल’ ह्यांतील स्थानिक भेद पुसट होतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

कायमच्या किमतीची कसोटी न्यायालयात लागली. बंधन असलेली जमीन नंतर विकत घेणाऱ्या एका मालकाने तीत चर खणला तेव्हा, राज्याच्या कायद्यात असा हक्क बसतो की नाही ह्यावर संघराज्याने घेतलेला हक्क अवलंबून नाही, असे १९७४ मध्ये आठव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने ठरविले. पुढे उत्तर डाकोटाने अशा खरेदीवर निर्बंध घालणारे कायदे केले. परंतु राज्यपालांनी पूर्वी दिलेली संमती मागाहून रद्द करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दिला. राज्याचा रोष अगदीच निराधार नव्हता. एका पिढीने घेतलेल्या एकरकमी पैशाने पुढील सर्व पिढ्यांचे हात बांधले जावेत काय, हा त्यामागील प्रश्न होता. तथापि, जी पाणथळ ह्या रीतीने घेतली गेली ती धान्याचे भाव चढल्यानेही कायद्याने मुक्त झाली नाही.

६. १९८५ चा कायदा : खंड, अट व किंमत

२३ डिसेंबर १९८५ च्या अन्न-सुरक्षा कायद्याने मागील सर्व धागे एकत्र आणले. अतिरिक्त धान्य, कर्जबाजारी शेतकरी व वाढती धूप ह्या तिन्ही प्रश्नांस उत्तर म्हणून ‘कॉन्झर्वेशन रिझर्व्ह’ हे जुने नाव घेऊन नवी योजना आली. धूप होणाऱ्या जमिनी दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने गवत वा झाडांखाली आणावयाच्या. सरकारने वार्षिक खंड द्यावयाचा, व लागवडीच्या खर्चाचा निम्म्यापर्यंत वाटा उचलावयाचा. शेतकरी स्वतः खंडाची मागणी नोंदवीत आणि सरकार निवड करी. १९९० च्या कायद्यानंतर ही निवड माती, पाणी व वन्यजीव ह्यांना होणाऱ्या लाभाचे गुण देऊन होऊ लागली.

ह्याच कायद्यात पैशाची दुसरी बाजूही आली, ती म्हणजे अट. जो नवी धूपप्रवण जमीन योग्य उपाययोजनेविना फोडील, किंवा पाणथळ कोरडी करून पीक घेईल, त्याचे इतर सरकारी लाभ बंद व्हावयाचे. ह्या तरतुदींना ‘सॉडबस्टर’ व ‘स्वँपबस्टर’ अशी नावे पडली. ‘सॉडबस्टर’, म्हणजे गवताची ढेकळे फोडणारा, हे एकोणिसाव्या शतकात मैदानांत वस्ती करणाऱ्या शेतकऱ्याचे नाव होते. १८६२ च्या कायद्याने ज्याला फुकट जमीन देऊन मैदानात बोलावले, त्याच्या कामाचे नाव सव्वाशे वर्षांनी कायद्याच्या बोलीत दोषाचे नाव झाले. राष्ट्राच्या मूल्यांतील बदल एका शब्दाच्या अर्थांतरात इतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

१९९० च्या कायद्याने पाणथळींसाठी स्वतंत्र राखीव योजना निर्माण केली आणि शेतकी खात्याने प्रथमच मोठ्या प्रमाणावर किंमत मोजण्यास आरंभ केला. कायमचा किंवा तीस वर्षांचा हक्क विकत घ्यावयाचा, जुने चर बुजवून पाणी परत आणावयाचे, आणि मालकी, शिकार व प्रवेशाचे नियंत्रण शेतकऱ्याकडेच ठेवावयाचे. १९९३ च्या महापुरात मिसिसिपीच्या खोऱ्यातील बांध फुटल्यावर, जी शेते पुन्हा उभी करणे किफायतशीर नव्हते त्यांना ह्या मार्गाने पाण्यास परत देण्याची सोय झाली. २०१४ मध्ये ही योजना अन्य दोन योजनांसह एका व्यापक हक्कखरेदी-योजनेत विलीन झाली, तोवर तिच्याखाली लाखो एकर जमीन आली होती.

खंड आणि किंमत ह्यांतील भेद ह्यानंतरच्या दशकाने पुन्हा सिद्ध केला. राखीव योजनेतील क्षेत्र २००७ मध्ये सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर ह्या उच्चांकावर होते. त्याच वर्षाच्या ऊर्जा-कायद्याने मक्यापासून इंधन बनविण्यास मोठी चालना दिली, मक्याचे भाव चढले, आणि मुदत संपलेल्या करारांचे नूतनीकरण अनेकांनी केले नाही. २०१४ पर्यंत क्षेत्र सुमारे अडीच कोटी एकरांवर आले. १९७० च्या दशकातील प्रकार कमी प्रमाणात का होईना पुन्हा घडला. उलट, पाणथळ योजनेतील कायमच्या हक्काखालील जमीन भाव चढले तरी करारमुक्त होऊ शकत नव्हती.

७. कुरणे व पशुपालक

पशुपालकांचा इतिहास थोडा वेगळा आहे. पश्चिमेकडील रँचवाल्याला जमीन पडीक ठेवून चालत नाही. गवत हेच त्याचे पीक. त्यामुळे ‘न वापरण्याचे’ पैसे ही कल्पना त्याच्या व्यवसायाशी विसंगत होती. १९५६ च्या महामैदान संरक्षण योजनेने दहा राज्यांत ह्यावर उत्तर शोधले. शेतकरी वा पशुपालकाने संपूर्ण जमिनीचा आराखडा करावयाचा, धोक्याची नांगरट गवतात बदलावयाची, पाणवठे व कुंपणे घालावयाची, आणि सरकारने तीन ते दहा वर्षांच्या कराराने खर्चाचा वाटा द्यावयाचा. येथे पैसा त्यागाबद्दल नव्हता, कामाबद्दल होता. तो शुद्ध अनुदानाचा प्रकार होय. १९९६ मध्ये ही योजना नव्या व्यापक अनुदान-योजनेत सामावली गेली.

१९८५ च्या राखीव योजनेत अवर्षणासारखे प्रसंग वगळता चराईस मज्जाव होता. शेजारच्या रानात गुडघाभर गवत उभे असताना आपल्या गुरांना चारा नाही, ही पशुपालकाची तक्रार त्यातून आली. २००२ मध्ये कुरणांसाठी वेगळी योजना, आणि २०१४ च्या कायद्यात राखीव योजनेतच चराईस मुभा देणारा कुरण-विभाग, अशी उत्तरे क्रमाने मिळाली. २०२३ पर्यंत राखीव योजनेतील जवळजवळ एक-तृतीयांश क्षेत्र ह्या कुरण-विभागात होते. ॲरिझोना व न्यू मेक्सिकोच्या सीमेवरील पशुपालकांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या मालपाई गटाचा प्रयोगही उल्लेखनीय आहे. तेथे पशुपालक आपल्या जमिनीचे तुकडे न पाडण्याचा हक्क देतो, आणि मोबदल्यात त्याच्या गुरांना शेजारच्या विस्तीर्ण रानात तितक्या मोलाची चराई मिळते. ह्या व्यवस्थेस ‘ग्रासबँक’ म्हणतात. पेढीचे रूपक येथे प्रथमच यथार्थ ठरते, कारण ठेव गवताची व परतफेडही गवताचीच.

८. उपसंहार

येणेप्रमाणे पाहता चार रूपांचे कार्य निराळे आहे. भरपाईने भाव सावरले, पण भूमीविषयी ती उदासीन होती; आणि तिचा भार भूमिहीनांवर पडला. अनुदानाने शेतीची रीत सुधारली. परंतु त्याच अनुदानाने एके काळी चरही खणले. खंडाने विस्तीर्ण क्षेत्रावर गवत आणले, आणि मुदतीबरोबर ते पुष्कळदा गेले. किमतीने थोडेच क्षेत्र घेतले, पण घेतले ते टिकले. ह्यावरून सर्वत्र किंमतच द्यावी असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. कायमचा हक्क महाग असतो आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या देखरेख ठेवावी लागते. खंड लवचीक असतो, आणि अडचणीतील शेतकऱ्यास जमीन न विकता तग धरण्यास साहाय्य करतो. दोष खंडाचा नव्हे. खंड देऊन किंमत दिल्याचे समाधान मानण्याचा आहे. १९५६ आणि १९८५ ह्या दोन्ही वेळी ‘राखीव’ ह्या शब्दाने तो भ्रम पोसला.

हा प्रश्न आज केवळ ऐतिहासिक राहिलेला नाही. १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याचे संरक्षण अलग पडलेल्या खळग्यांना मिळते की नाही ह्यावर दीर्घ वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये त्या संरक्षणास मर्यादा घातली, आणि २५ मे २०२३ च्या निर्णयाने ते, नदी-सरोवरांशी पृष्ठभागावर अखंड जोडलेल्या पाणथळींपुरतेच आकुंचित केले. डाकोटातील खळगे बहुधा असे जोडलेले नसतात. वसंतात भरावे व उन्हाळ्यात आटावे हाच त्यांचा धर्म. तेव्हा संघराज्याच्या पातळीवर त्यांच्या रक्षणार्थ आता मुख्यत्वे दोनच साधने उरतात : १९८५ ची अट, आणि शेतकऱ्याला देऊ केलेला पैसा. अट ही सरकारी लाभ घेणाऱ्यालाच बांधते, आणि भाव चढले की लाभांची ओढ कमी होते. म्हणून ह्या पैशाला कोणते नाव द्यावयाचे, भरपाई, अनुदान, खंड की किंमत, ह्याचा निवाडा कोशकाराच्या सोयीपुरता नाही. खळग्यात पुढल्या वसंतात पाणी असेल की मका, हे त्यावर अवलंबून आहे.